थोरलीचा रंग

आमच्या घरात दोन सुना आल्या, पण थोरलीचा मान दोघींपैकी एकीलाही मिळाला नाही. तो आधीच गेलेला होता. लांब नाकाची, रुंद खांद्यांची, समोरच्या दोन गोल दिव्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला दटावणारी ती कामातून सुटली की घराच्या फाटकाशी उभी असायची. दादाचं लग्न होऊन वहिनी घरात आली तेव्हा आमच्या आत्यानं ट्रककडे बोट दाखवून सांगितलं, "ही तुझी थोरली जाऊ. हिच्याशी जमवून घेतलंस तर या घरात सुखानं राहशील." वहिनीनं खरंच ट्रकला वाकून नमस्कार केला आणि सगळं घर हसून लोळलं. तेव्हापासून ट्रकचं नाव थोरली पडलं ते पडलंच.

वडिलांनी ती घेतली होती चुन्याच्या भट्टीला दगड पुरवायला. भट्टी रात्रंदिवस पेटलेली, त्यामुळे दगडही रात्रंदिवस लागायचा. वडिलांच्या मागे आम्ही दोघा भावांनी वाटणी केली. दिवस दादाचा, रात्र माझी. दिवस मावळताना तो खाणीच्या फाटकाशी गाडी उभी करायचा, इंजीन बंद न करता खाली उतरायचा आणि त्याच दारानं मी वर चढायचो. सीट अजून गरम असायची. बोलणं एवढंच, "मागचा ब्रेक जरा धरतोय," नाहीतर "डिझेल भरून घे." उजाडताना हेच उलट. खाणीतले लोक त्याला कोंबडा म्हणायचे आणि मला घुबड. अर्धं आयुष्य आम्ही एकच गाडी हाकली, पण दोघं मिळून तिच्यात एकदाही बसलो नाही. बसायला कारणच पडलं नाही.

भांडायला मात्र कारण लागायचं नाही. मी तापट, तो हट्टी. मी आरडाओरडा करून मोकळा व्हायचो आणि तो शांतपणे आपलंच खरं करायचा. उभ्या आयुष्यात त्यानं कधी कुणापुढे माघार घेतली नाही, आणि माझ्यापुढे तर नाहीच नाही.

सगळ्यात जुनं भांडण दोरीचं होतं, आणि ते आम्ही अवाक्षर न काढता भांडलो. थोरलीचं स्टिअरिंग परातीएवढं आणि जड. पुढची चाकं पूर्ण वळवायची तर ते गरागरा फिरवत राहावं लागायचं. रात्री खाणीच्या धुळीत चाकं सरळ झाली की अजून वाकडीच आहेत, हे समजायचं नाही. म्हणून चाकं सरळ असताना स्टिअरिंगचा जो भाग वर येतो, तिथं मी एक सुती दोरी गच्च गुंडाळून गाठ मारायचो. दोरी हाताखाली आली की समजायचं, चाकं सरळ आहेत. दादाला दिवसाउजेडी सगळं दिसायचं. त्याच्या तळहाताला ती दोरी टोचायची. रोज सकाळी तो ती सोडायचा, रोज संध्याकाळी मी परत बांधायचो. पण त्यानं ती कधी फेकून दिली नाही. नीट दुमडून खिडकीच्या काचेच्या हँडलला अडकवून ठेवायचा. एक दोरी झिजली की मी दुसरी आणायचो, तीही तशीच अडकवलेली सापडायची.

मग भट्टी बंद पडली. थोरलीला काम उरलं नाही. विकायचा विषय निघाला की घरात सगळ्यांनाच एकदम दुसरी कामं आठवायची. शेवटी गंज चढू नये म्हणून तिला आम्ही गॅरेजवाल्याकडून जुना रंग घासून वरपासून खालपर्यंत तांबडा प्रायमर फासून घेतला, ताडपत्री घातली आणि घरामागच्या शेडमध्ये उभी केली. हळूहळू तिच्या हौद्यात जुन्या गाद्या आल्या, मोडकी सायकल आली, आणि केबिनमध्ये कोंबड्या अंडी घालायला लागल्या. माझी बायको अंडी आणायला निघाली की म्हणायची, "थोरल्या जाऊबाईंकडे जाऊन येते."

अशी बरीच वर्षं गेली. आम्ही दोघंही म्हातारे झालो. मग दादा पाण्याचा पेला टेबलाच्या कडेबाहेर ठेवायला लागला. पहिला फुटला तेव्हा वहिनी ओरडली, दुसरा फुटला तेव्हाही ओरडली, तिसरा फुटला तेव्हा सरळ त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यामागची नस सुकत चाललीय. दिसणं कडेकडेनं मिटत आत येईल, मधलं शेवटी जाईल. थोपवायचं औषध आता उरलं नाही.

तिथून परत आल्यावर दादा घरात आलाच नाही. थेट शेडमध्ये गेला आणि ताडपत्री ओढून काढली. कोंबड्यांनी एकच गिल्ला केला. मी धावत गेलो तर तो थोरलीच्या नाकासमोर उभा.

"धाकट्या," तो म्हणाला, "हिला उभी करायची. होती तशी. दिसतंय तोवर मला ही एकदा धड बघायचीय, आणि मागच्या मैदानात एक फेरी मारायचीय. मग डोळे गेले तर गेले."

डोळ्यांत पाणी आलं ते त्याला दिसू नये म्हणून मी केबिनचं दार उघडून आत बघायला लागलो. खिडकीच्या हँडलला दोरी लटकत होती. भट्टीची शेवटची फेरी दादानं केली होती. मी ती दोरी काढून खिशात टाकली.

दुपारपर्यंत आमच्यात एवढं प्रेम होतं. संध्याकाळी रंगावरून जुंपली.

"हिरवी होती," दादा म्हणाला. "गडद हिरवी. बाटलीच्या काचेसारखी."

"निळी होती!" मी म्हणालो. "गडद निळी. मी हाकलीय की नाही ती?"

"हाकली असशील, बघितली नाहीस. घुबडाला काय कळतोय रंग?"

"आणि कोंबड्याला कळतो होय?"

तांबड्या प्रायमरखाली काय आहे ते वरून दिसत नव्हतं. घरात थोरलीचा एकच फोटो, तोही काळापांढरा. त्यात ती करड्या रंगाची आली होती आणि आम्ही दोघं काळे. वहिनीला विचारलं तर ती म्हणाली, "मला विचाराल तर धुळीच्या रंगाची होती. मी पुसायची ना ती!" मी हट्टाला पेटलो आणि खाणीतल्या जुन्या लोकांना गाठून विचारत सुटलो. निम्मे हिरवी म्हणाले, निम्मे निळी. घरी येऊन हिशेब लावला तर गंमतच झाली होती. दिवसपाळीचे सगळे हिरवी म्हणत होते आणि रात्रपाळीचे सगळे निळी. मी ते दादाला सांगितलं नाही. माझी बाजू पक्की होत नव्हती.

मिस्त्री मिळाला तो चांगला होता, पण भारी उत्साही. पहिल्याच दिवशी थोरलीभोवती फिरून म्हणाला, "काका, काळजी सोडा. असं मऊ स्टिअरिंग बसवतो की एका बोटानं फिरेल. पांढरे झगझगीत दिवे लावू. सीटला फोम. गाणी ऐकायची सोय. नवी गाडी झक मारेल."

"नव्या गाडीला मारू दे झक," मी म्हणालो. "आम्हाला जुनीच पाहिजे. एक बोट लावून फिरायला ती काय पाळणा आहे? स्टिअरिंग जडच राहील. दिवे पिवळेच राहतील. आणि गाणं तिचं ती म्हणते."

मिस्त्रीनं दादाकडे पाहिलं. दादानं मान डोलावली. त्या सबंध कामात आम्हा दोघांचं एकमत झालं ते एवढ्यापुरतंच.

पोच्यांवरून पुन्हा वाजलं. थोरलीच्या अंगावर ठिकठिकाणी पोचे होते आणि प्रत्येकाचा धनी ठरलेला होता. डाव्या मडगार्डचा पोचा दादाचा, वजनकाट्याच्या खांबाला घासून आलेला. मागच्या फळक्याचा माझा. त्याबद्दल मी बोलणार नाही. माझं म्हणणं, माझे पोचे ठोकून काढा आणि त्याचे ठेवा, जुनी ओळख म्हणून. त्याचं म्हणणं बरोबर उलटं. मिस्त्री हातोडी घेऊन मध्ये उभा. शेवटी वहिनी चहाचे पेले घेऊन आली आणि म्हणाली, "थोरल्या जाऊबाईंच्या तोंडावरची एक सुरकुती काढायची नाही. ज्याला आपले पोचे काढायचे असतील त्यानं आधी आरशात बघावं." सगळे पोचे राहिले. गंज तेवढा गेला. कुजलेला पत्रा कापून तिथं तशाच जाडीचा नवा जोडला. बाकी जुनं ते जुनं.

मग गिअरबॉक्स उघडला. मिस्त्री म्हणाला, दुसऱ्या गिअरचे दाते झिजलेत, बदलून टाकू.

"बदल," दादा म्हणाला.

"हात लावायचा नाही!" मी ओरडलो. "त्यामुळंच ती गाते."

"कोण गाते?"

"थोरली. खाणीतून भरून वर चढताना, दुसऱ्या गिअरमध्ये. बारीक आवाजात, लांबवर. तुला माहीत नाही?"

दादानं कपाळाला हात लावला. "अरे, एवढी वर्षं चालवली मी, मला कधी गायलेली ऐकू आली नाही."

ती त्याला ऐकू येणारच नव्हती. दिवसा खाणीत खडी फोडायची यंत्रं धडधडत असायची, मागं-पुढं दुसरे ट्रक, माणसांचा आरडाओरडा. रात्री यंत्रं बंद असायची. चढावर मी असायचो आणि थोरली असायची. माझं लग्न ठरलं ते मी पहिल्यांदा तिला सांगितलं. वडील गेल्यानंतरच्या पहिल्या रात्रपाळीला चढावर मी मोठ्यानं रडलो आणि तिचा तो बारीक सूर माझ्या रडण्यासोबत वरपर्यंत आला. हे मी मिस्त्रीला कसं सांगणार? मी नुसताच तांबडालाल होऊन उभा राहिलो. मिस्त्रीनं दाते पुन्हा एकदा नीट तपासले आणि म्हणाला, "रिकामी, हळू चालवणार असाल तर चालेल हा. लोक माझ्याकडे आवाज घालवायला येतात, तुम्ही ठेवायला आलात." दादा म्हणाला, "ठेव बाबा, नाहीतर हा घर डोक्यावर घेईल."

रंगाचा निकाल लागला तो दिवस मला विसरावासा वाटतो. मिस्त्रीनं समोरची मीटरची पाटी सोडवली. तिच्यामागच्या पत्र्याला ना ऊन लागलं होतं, ना प्रायमर. मिस्त्रीनं तिथं रॉकेलचा बोळा फिरवला आणि आतून रंग वर आला. गडद, चकचकीत. बाटलीच्या काचेसारखा हिरवा.

दादानं आत डोकं घातलं. मान एकदा इकडे, एकदा तिकडे कलती करून, नाक पत्र्याला लागेल इतक्या जवळून तो बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं, जिंकल्याचा आनंद चवीनं घेतोय. मग त्यानं मला दंडाला धरून पुढं ओढलं. "बघ. बघ म्हणतो ना!"

मी बघितलं. माझं तोंड एवढंसं झालं. त्या संध्याकाळी दूधवाल्यापासून शेजारच्या शिंप्यापर्यंत सगळ्यांना ही बातमी कळली होती, की अर्धं आयुष्य हाकलेल्या गाडीचा रंग मला माहीत नव्हता. मी दोन दिवस दादाशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी बोलावंच लागलं, कारण रंगारी आला.

रंग कालवताना दादा बादलीशी स्टूल टाकून बसला. पाटीमागचा एक सुटा तुकडा त्यानं हातात धरला होता. "अजून थोडा काळा." "जास्त झाला." "आता पिवळ्याचा एक थेंब." रंगारी सोशिक होता, म्हणून टिकला. दादा काडीवरचा रंग आणि तो तुकडा शेजारी शेजारी धरून, उन्हात जाऊन, उजव्या डोळ्याजवळ नेऊन बघायचा. शेवटी एकदा तो हसला. "हाच," म्हणाला, आणि तरीही कितीतरी वेळ काडी हातात धरून उन्हात उभा राहिला.

त्यानंतर काम अडलं. समोरच्या काचेचं जुन्या मापाचं रबर कुठंच मिळेना. काच बसल्याशिवाय रंगाचा शेवटचा हात देता येत नव्हता. मी फोनवर ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. "येईल, काका, येईल." पण दादाचे डोळे कुठं थांबणार होते? तो शेडमध्ये येताना भिंतीला हात लावून यायला लागला. एकदा रंगाची रिकामी बादली त्याच्या पायाला लागली आणि तो बादलीवरच खेकसला. मी बायकोला म्हणालो, "रबर लवकर आलं पाहिजे. त्याला नीट बघायचीय गाडी." ती म्हणाली, "येईल हो." ती माझ्याकडे न बघता बोलली, पण तेव्हा माझ्या ते लक्षात आलं नाही.

दादा आता प्रत्येक काम हातानं तपासत होता. मडगार्डवरून तळवा फिरवायचा, बॉनेटच्या कडेनं बोट न्यायचा, जोडाची रेघ सापडली की मिस्त्रीला हाक मारायचा. मी म्हणालो, "काय खोड्या काढत बसलायस?" तो म्हणाला, "डोळ्यांना फसवता येतं, हाताला नाही." मला ते वाक्य फार आवडलं. मी ते चारचौघांत सांगत फिरलो.

स्टिअरिंगचे तडे भरून मिस्त्रीनं ते काळंभोर, गुळगुळीत केलं होतं. दादानं त्यावरून दोन्ही हात फिरवले. "झकास. आणि हे बघ, दोरीबिरी काही बांधायची नाही हां. पहिल्यापासून होतं तसं ठेवायचं."

"संध्याकाळनंतर होती दोरी," मी म्हणालो.

"ती तुझी."

दोरी माझ्या खिशातच होती. का ठेवली होती कोण जाणे. विडी सुटली तरी काडेपेटी खिशात राहते, तसं काहीतरी असेल.

एकदाचं रबर आलं. काच बसली. रंगाऱ्यानं शेवटचा हात दिला आणि मिस्त्रीनं थोरली शेडमधून बाहेर काढून अंगणात उभी केली. सगळे गेले. मी एकटाच पायरीवर बसून तिच्याकडे बघत होतो. दिवस मावळत होता. उजेड कमी होत गेला तसा तिचा हिरवा रंग खोल होत गेला, काळपट झाला, आणि मग बघता बघता निळा झाला. गडद निळा. खाणीच्या फाटकाशी मी जिच्यात चढायचो ती.

मी ताडकन उठलो. "अगं ए! बाहेर ये! लवकर ये!"

बायको हात पुसत आली. "काय झालं? पडलात का?"

"बघ! रंग कुठला आहे?"

"हिरवा," ती म्हणाली. मग डोळे बारीक करून म्हणाली, "अं? निळी दिसतेय खरी."

मी तिला मिठीच मारणार होतो, पण या वयात अंगणात बरं दिसत नाही. मी वेडा नव्हतो. रात्रपाळीचे सगळे वेडे नव्हते. खाणीत आम्ही तिला कधी उजेडात भेटलोच नव्हतो. दिवस मावळला की ती आमच्यासाठी खरोखरच निळी व्हायची. धावत जाऊन दादाला सांगावं असं फार वाटलं, पण मी ते उद्यासाठी राखून ठेवलं. त्याला आधी चिडवायचं, चांगला पेटू द्यायचा, आणि मग संध्याकाळी आणून दाखवायचं, असं ठरवून झोपलो.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं होतं. मिस्त्री आला होता, रंगारी आला होता. थोरली अंगणात अशी चमकत होती की बघणाऱ्याचे डोळे दिपावेत. हिरवीगार. वहिनी दादाचा हात धरून त्याला घेऊन आली. त्यानं धुतलेला सदरा घातला होता. तो थोरलीच्या नाकासमोर उभा राहिला.

"काय दादा," मी म्हणालो, "राग मानू नकोस. शेवटी मी माझंच खरं केलं. रंगाऱ्याला सांगून निळी मारून घेतली."

रंगारी माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला डोळा मारला आणि दादाच्या ओरडण्याची वाट बघत उभा राहिलो.

दादानं हात पुढे केला. तो आधी हवेत गेला, मग बॉनेटला लागला. त्यानं पत्र्यावरून तळवा फिरवला.

"हो रे," तो म्हणाला. "निळीच छान दिसते."

वहिनी खाली बघत होती. ज्या माणसानं कधी मला एक शब्द जिंकू दिला नाही, तो भर उन्हात हिरव्यागार गाडीसमोर उभा राहून तिला निळी म्हणत होता. तो हरला होता म्हणून नाही. त्याला दिसत नव्हतं, आणि माझ्या मनासारखं झालं असेल तर होऊ दे, असं त्याला वाटलं होतं. असा विजय मला नको होता. मला माझा भांडणारा भाऊ हवा होता.

मला ओरडण्याशिवाय दुसरं काही येत नाही, तेच मी केलं. "वहिनी! तुम्हाला माहीत होतं? सांगितलं का नाही मला?"

"शपथ घातली होती त्यांनी," वहिनी म्हणाली. "म्हणाले, धाकट्याला कळलं तर काम अर्ध्यावर टाकून रडत बसेल."

"तिच्यावर कशाला ओरडतोस?" दादा म्हणाला. "ऐकू येतंय मला अजून."

"कधीपासून?" मी विचारलं.

"रंग कालवताना दिसत होतं. चांगलं दिसलं. तो हिरवा मी पोटभर बघून घेतला. रबर येईपर्यंत नाही टिकले डोळे. मग बाकीची हातानं बघितली." त्यानं बॉनेटवर बोटं वाजवली. "खरंच निळी केलीस का रे?"

"नाही," मी म्हणालो. "हिरवी आहे. तू कालवलीस तीच. बाटलीच्या काचेसारखी."

दादाचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "मेल्या!" तो म्हणाला आणि माझ्या आवाजाच्या रोखानं एक फटका मारला. तो माझ्या खांद्याला लागला. बरोबर बसला.

मग तो घराकडे वळला. मी म्हणालो, "कुठं चाललास? फेरी राहिली."

"कसली फेरी? राहू दे आता. कोंबड्याला अंधारात काय करता येतंय?"

"चालवू नको, नुसता बस तर."

तो थोडा घुटमळला. मग त्याचा पाय पायरीकडे गेला आणि पुढचं सगळं पायानंच केलं. इतक्या वर्षांनी, इतक्या सहज तो वर चढला की खाली उभी असलेली माणसं बघत राहिली. सीटवर बसून त्यानं दार ओढून घेतलं. क्लच दाबून बघितला. गिअरच्या मुठीवर तळवा ठेवला. सेल्फ मारला आणि थोरली खोकून, थरथरून जागी झाली. वहिनीनं तोंडाला पदर लावला.

दादाचे दोन्ही हात स्टिअरिंगवर आले आणि फिरायला लागले. गुळगुळीत काळ्या कडेवरून एकदा, दोनदा. ते कशावर तरी थांबायला बघत होते आणि थांबायला जागाच नव्हती. मी पायरीवर उभा राहून खिडकीतून बघत होतो. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. मग त्यानं इंजिनाच्या आवाजातून मला हाक मारली. हळूच, मला एकट्याला ऐकू जावं म्हणून.

"धाकट्या. सरळ कुठंय रे?"

माझा हात खिशाकडे गेला.

"तुझी ती दोरी आहे का?" तो म्हणाला.

मी खिशातून दोरी काढली. मिस्त्रीला खाली वाकून पुढची चाकं बघायला लावली. "अजून थोडं डावीकडे, बस्स, सरळ झाली," तो खालून ओरडला. खिडकीतून आत वाकून मी स्टिअरिंगच्या वरच्या भागाला दोरी गुंडाळली. इतक्या वेळा बांधलेली ती, बोटांना सगळं पाठ होतं. गाठ मारली. दादाचा हात धरून त्यावर ठेवला. दोन-तीनदा मूठ मिटून उघडून त्यानं ती जागा ओळखून घेतली.

मी पुढून वळसा घालून दुसऱ्या बाजूनं चढलो. क्लीनरच्या सीटवर. थोरली तिथून कशी दिसते हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. आणि माझ्या शेजारी दादा बसलेला. वहिनीनं मागच्या मैदानाचं फाटक सताड उघडलं. मिस्त्री पुढं चालत राहिला.

"सरळ चल," मी म्हणालो. "अजून सरळ. आता उजवीकडे घे. घे, घे. पुरे." दादा स्टिअरिंग फिरवायचा, परत आणायचा, आणि दोरी तळव्याखाली आली की थांबायचा. दोन वळणांनंतर मला बोलायचीही गरज कमी लागली. मैदान मोकळं होतं. दादाची पाठ ताठ झाली. त्यानं पहिल्यातून दुसरा टाकला.

आणि ती गायला लागली. बारीक, लांबवर.

दादानं मान वळवली. "हे काय वाजतंय?"

"दुसरा गिअर."

तो ऐकत राहिला. मैदानाचं टोक आलं, मी वळ म्हणालो, तो वळला. त्यानं गिअर बदलला नाही. एका फेरीची दुसरी झाली, दुसरीची तिसरी, मिस्त्री दमून बाजूला जाऊन बसला, तरी आम्ही दुसऱ्या गिअरमध्येच फिरत होतो.

"अशी असायची होय रात्री," तो शेवटी म्हणाला.

"अशीच."

अंगणात आल्यावर त्यानं गाडी उभी केली. इंजीन बंद केलं नाही, आम्ही कधीच केलं नव्हतं. उतरण्याआधी त्याचा हात दोरीकडे गेला आणि गाठ चाचपायला लागला. मला वाटलं, सवयीनं सोडतोय. सोडेल, दुमडेल आणि हँडलला अडकवेल. तो त्याचा हक्क होता.

दादानं गाठीची दोन्ही टोकं बोटांत धरली आणि जोर लावून आवळली.

"गाठ सैल मारतोस तू," तो म्हणाला. "पहिल्यापासून सांगायचं होतं."